अवघड जागेचं दुखणं: मूळव्याधीविषयी मोकळेपणानं

 

'अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य' अशी आपल्याकडे म्हण आहे. आज आम्ही त्याच दुखण्याविषयी बोलणार आहोत. मूळव्याध म्हणा, कोंब म्हणा, मोड म्हणा. गटाच्या बैठकीत ताप, खोकला, पाठदुखी यांवर सगळ्या जणी बोलतात. हा विषय निघाला की माना खाली जातात. पण बैठक संपली की एखादी मागे थांबते आणि हळूच विचारते, "माझ्या संडासच्या जागी गाठ आलीय, कुणाला सांगू?" तिच्यासाठी आजचं हे बोलणं.

आधी हे काय असतं ते समजून घेऊ. शौचाच्या जागेभोवती प्रत्येकाच्या शरीरात रक्ताच्या बारीक शिरा असतात. काही आत, काही बाहेर कातडीखाली. त्यांच्यावर सारखा दाब पडला की त्या फुगतात. आतल्या फुगल्या की बहुतेक वेळा दुखत नाही, पण शौचाच्या वेळी लाल रक्त पडतं. बाहेरच्या फुगल्या की हाताला कोंब लागतो, खाज येते, बसताना टोचतं. बाहेरच्या कातडीला जाणीव जास्त, म्हणून तिथलं दुखणंही जास्त. कधी कधी बाहेरच्या फुगलेल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. मग अचानक निळसर, कडक गाठ येते आणि उठता-बसता जीव नकोसा होतो. हे दुखणं पहिले दोन-तीन दिवस फार असतं, मग हळूहळू ओसरतं. गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरते. मागे कातडीची सैल घडी राहू शकते, तिचं भय नको.

शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखत असेल आणि गाठ लागत नसेल, तर ती चीर असू शकते. पू येत असेल तर भगंदर असू शकतं. म्हणून स्वतःच नाव ठेवून मोकळं होऊ नका, तपासून घ्या.

आता दाब येतो कुठून? मुख्य कारण बद्धकोष्ठ. मळ कडक होतो आणि कुंथावं लागतं. आपल्या भागातल्या बायांच्या आयुष्यात याला कारणं भरपूर. वैतरणेचं पाणी आपल्या भागातून मुंबईला जातं, पण चैत्र-वैशाखात आपण हंडाभर पाण्यासाठी चालतो. डोक्यावरून आणलेलं पाणी आधी घरच्यांना, मग जनावरांना, आणि बाईच्या वाट्याला तळाचं. दुसरं, संडास नसेल किंवा असून पाणी नसेल, तर अंधार पडेपर्यंत बाई थांबून राहते. वीटभट्टीवर गेलेल्या बायांचे तर आणखी हाल. मळ जितका वेळ आत राहील तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो सुकतो. तिसरं, गरोदरपण. वाढत्या पोटाचा दाब खालच्या शिरांवर येतो, बाळंतपणात जोर लावावा लागतो. म्हणून गरोदर आणि बाळंतीण बायांत हे दुखणं नेहमीचं आहे. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कमी होतं. पण बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भाजी द्यायची नाही, ही जुनी पद्धत चालू ठेवली तर ते लांबतं.

लोहाच्या गोळ्यांनी मळ कडक आणि काळपट होतो, हेही खरं. पण म्हणून गोळ्या बंद करू नका. पाणी आणि भाजी वाढवा, आशाताईला सांगा. रक्त कमी असलेल्या बाईला त्या गोळीची गरज मोठी.

घरी काय करायचं? पसरट घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घ्यायचं. हाताला सोसेल इतकंच गरम. दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटं त्यात बसायचं. पाण्यात काही घालायची गरज नाही. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. साबण लावायचा नाही. पहिल्या दिवशी सूज फार असेल तर गार पाण्याची घडी थोडा वेळ ठेवली तरी आराम पडतो. दुखणं सोसवत नसेल तर पॅरासिटामॉलची गोळी चालते. गरोदर असाल तर कुठलीही गोळी किंवा मलम सिस्टरला विचारूनच. इसबगोल घ्यायचा असेल तर एक-दोन चमचे, पण सोबत मोठा पेला भरून पाणी हवंच. पाणी न पिता घेतला तर उलट अडकतो.

आता काय करायचं नाही. गाठ सुईनं टोचायची नाही, ब्लेडनं कापायची नाही, डाग द्यायचा नाही. बिब्बा, चुना, मिश्री, राख लावायची नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते. बाजाराच्या दिवशी 'मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज' असा फलक लावून बसणारे भेटतात. डिग्री न विचारता त्यांच्याकडून इंजेक्शन घेऊ नका. आमच्या गटातल्या एका बाईनं अशा ठिकाणी पैसे दिले, जखम झाली, आणि पुढचा महिनाभर तिला शेतावर जाता आलं नाही. आयुर्वेदात या रोगाला अर्श म्हणतात आणि त्यावर क्षारसूत्रासारखे उपचार आहेत, पण तेही शिकलेल्या वैद्याच्याच हातून.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाणं कमी करणं. "खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही," असं म्हणून कितीतरी बाया उपाशी राहतात. त्यानं मळ आणखी सुकतो आणि अंगातली ताकद जाते.

खायचं काय? आपलंच. १०० ग्रॅम नागलीत जवळपास ११ ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतो. रेशनचा भात खा, पण एका वेळेला नागलीची भाकरी ठेवा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ. एरवी शेवग्याचा पाला. सालीसकट उडीद, चवळी, हरभरा. मिळेल तेव्हा पेरू, पिकलं केळं. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा. दिवसाला आठ-दहा पेले पाणी पोटात जाऊ द्या. उन्हात काम असेल तर जास्त. रानात जाताना बाटली स्वतःसाठीही भरा. कळ आली की थांबवू नका, आणि कळ नसताना कुंथत बसू नका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर जा.

डॉक्टरकडे कधी जायचं? रक्त पडलं की एकदा तपासून घ्यायचंच. ते मूळव्याधीचंच असेल असं नाही, आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं, वजन घटलं, शौचाची सवय बदलली, तर उशीर नको. रक्त धारेनं पडतंय, चक्कर येतेय, डांबरासारखा काळा चिकट मळ होतोय, ताप येऊन पू येतोय, लघवी अडकलीय, तर त्याच दिवशी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निळी गाठ फार दुखत असेल तर पहिल्या तीन दिवसांत जा. तेव्हा जागा बधिर करून ती काढता येते आणि लवकर सुटका होते.

थोडं थोडं रक्त रोज गेलं तरी वर्षभरात बाई पांढरी पडते. चढावर धाप लागते, हंडा उचलवत नाही, आणि आपण म्हणतो, "वय झालं." असं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. सिकलसेल असलेल्या बाईनं तर रक्त जाणं मुळीच अंगावर काढू नये, आणि पाणीही कमी पडू देऊ नये.

आधी उपकेंद्रात सिस्टरला सांगा. पुढे मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तपासणीला डॉक्टर कुशीवर झोपवतात, दोन-चार मिनिटांत होतं. पुरुष डॉक्टर असले तर "सिस्टरला सोबत थांबू द्या" असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. जायला लाज वाटत असेल तर गटातली एक जण सोबत न्या. आम्ही तसंच करतो, एकीच्या दुखण्याला दोघी जातो.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय काढा. पहिली बोलली की दुसरी बोलते. आणि घरी गेल्यावर सासूला, सुनेला, लेकीला विचारा, "पाणी प्यायलीस का?" रामराम.