ध्वनिचिन्हांची ओळख



आपल्या खान्देशात जुनी माणसे जळगावला ‘जयगाव’ आणि धुळ्याला ‘धुये’ म्हणतात. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. खेड्यातल्या मुलाच्या तोंडून ‘डोया’ ऐकला की शहरातला वर्ग हसतो आणि तो मुलगा बोलायचेच सोडतो. इंग्रजीच्या भीतीने तर आपली हुशार मुले मुलाखतीतही गप्प बसतात. म्हणून आज आम्ही ध्वनिचिन्हांविषयी दोन शब्द सांगणार आहोत.

इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. भाषाशिक्षकांनी १८८६ साली पॅरिसमध्ये एक संस्था काढली आणि १८८८ साली आपली ध्वनिलिपी प्रसिद्ध केली. एका ध्वनीला एक चिन्ह, हे तिचे तत्त्व. आज चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे हीच चिन्हे असतात.

‘शेड्यूल’ हा शब्द घ्या. दाखल्यामुळे तो आपल्या घराघरांत माहीत आहे. इंग्लंडमध्ये तो परंपरेने ‘शेड्यूल’, अमेरिकेत ‘स्केजूल’. कोशात पहिल्या उच्चाराच्या आरंभी उभा ताणलेला एस दिसतो, तो ‘श’. दुसऱ्याच्या आरंभी साधा एस आणि के. ‘कार’मधला शेवटचा ‘र’ लंडनकडे ऐकू येत नाही. अमेरिकेत व स्कॉटलंडमध्ये येतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला आणि १९१६ साली लंडनला शिकायला गेले. त्या दोन शहरांची इंग्रजीसुद्धा एकसारखी नव्हती. मग खरी कोणती? दोन्ही खऱ्या.

देवनागरीत इंग्रजी उच्चार लिहून पाठ केले तर फसगत होते. जनावरांचा डॉक्टर ‘वेट’ आणि ओला तोही ‘वेट’! पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. ध्वनिलिपीत दोघांना वेगळी चिन्हे आहेत. तसेच ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. जोराची उभी खूण त्या अवयवाच्या आधी, वरच्या बाजूला असते.

विद्यार्थी मित्रहो, कोशातला चिन्हांचा तक्ता वहीत उतरवा. रोज पाच शब्द मोठ्याने वाचा. बोलताना एक पद्धत धरा, पण ऐकताना दोन्ही ओळखा. मात्र जे हे अक्षर दिसले तर तिथे ‘य’ वाचा, एवढे ध्यानात ठेवा.

या लिपीत आपल्या ‘ळ’लाही चिन्ह आहे, ‘य’लाही आहे. ‘डोळा’ आणि ‘डोया’ ती सारख्याच काळजीने लिहून घेते, कोणालाही अशुद्ध म्हणत नाही. तेव्हा प्रमाण उच्चार जरूर शिकूया. पण घरातल्या बोलीची लाज धरून नव्हे आणि दुसऱ्याच्या उच्चाराला हसून तर नव्हेच.