अन्न आणि समाज : माळव्याच्या ताटावरून
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘अन्न आणि मानवी समाज’ असा. विषय मोठा, वेळ थोडा, आणि मागच्या मांडवातून फोडणीचा वास येत आहे. तेव्हा मी माळवा सोडून फार दूर जाणार नाही.

उज्जैनच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर कायथा गाव आहे. तेथील टेकाडाचे उत्खनन १९६५ च्या सुमारास आपल्या उज्जैनचे डॉ. वाकणकर यांनी आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर यांनी केले. चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती तेथे निघाली. त्याआधी महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण काठी, नावडातोली येथे डॉ. सांकळियांना जळालेले दाणे सापडले होते : गहू, मसूर, उडीद, मूग, वाटाणा, जवस, शिवाय बोरे आणि आवळे. सर्वांत खालच्या थरात गहू होता. तांदूळ मागाहून आला. म्हणजे पोळी आधी की भात आधी, हा आपल्या घरोघरचा वाद माळव्यापुरता तरी मिटलेला आहे!

परंतु मला अधिक विचार करावयास लावतो तो पुणे जिल्ह्यातील इनामगावचा शोध. घोड नदीकाठच्या त्या गावात मुख्य पीक जवाचे. तेथे पाच खोल्यांचे एक मोठे घर निघाले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. पेरण्यापूर्वी माणूस जे मिळेल ते त्याच दिवशी खात असे. पेरू लागल्यावर धान्य उरले, उरलेले राखण्यास कोणी तरी नेमावा लागला, आणि राखणारा मोठा झाला. कर, शिपाई, राजवाडा हे सारे पुढचे. मग इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास शेतीला उतरती कळा लागली, मोठी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि लोक गुरे घेऊन हिंडू लागले. कोठार रिकामे झाले तेव्हा समाजाचा आकारच बदलला.

आमचे घराणे शिंद्यांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून येथे आले, असे वडील सांगत. दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला नेली, फौज गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी, मोहल्ल्यात उर्दू, बाजारात माळवी. आईच्या हातचे बाफले येथले आणि पुरणपोळी तिकडची. मराठी मंडळींच्या पोह्यांवर माळव्याने शेव आणि जिरावण घातले, शेजारी जिलबी ठेवली, आणि आता तो पदार्थ मूळचा कोणाचा हे कोणी विचारीत नाही. त्यातली मिरची आणि शेंगदाणा तर अमेरिका खंडातून आलेले, पोर्तुगीजांच्या काळातले पाहुणे.

सारेच पाहुणे असे गोड निघाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात माळव्याची चांगली, विहिरीखालची काळी जमीन अफूला गेली. शेतकऱ्याला सावकाराची उचल मिळे, माल मुंबईहून चीनला जाई. चीनकडील हा व्यापार १९१३ साली थांबला. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई याच व्यापारात श्रीमंत झाले, आणि त्यांच्या देणगीतून १८४५ साली उभ्या राहिलेल्या इस्पितळाने असंख्य गरिबांचे प्राण वाचविले. धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे बरे दिसत नाही, पण देणगीची पावती फाडताना क्वचित आठवावे.

माळव्यात दुष्काळ पडत नाही, असा पूर्वी दृढ समज होता. संवत १९५६ ने, म्हणजे १८९९-१९०० च्या ‘छप्पन्या’ने, तो मोडला. आणि गेल्या पन्नास वर्षांत सोयाबीन आले. पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशी जमीन पडीक ठेवून तिच्यातल्या ओलीवर गहू घेत. आता तेथे सोयाबीन. पैसा आला, हे खरे. परंतु ज्वारी मागे पडली, आणि पिकविणाऱ्याच्या ताटात सोयाबीन येते ते केवळ तेलाच्या रूपाने; पेंडीचा काही भाग परदेशी जातो. ज्वारीच्या भाकरीकरिता आता माझ्या आईला दुकान शोधावे लागते.

आता शाळेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे मी एका गावच्या शाळेत होतो, तिचे नाव सांगत नाही. स्वयंपाक करणारी बाई दलित समाजाची होती. पहिल्या दिवशी अकरा मुलांनी ताटे पुढे घेतली नाहीत. हजेरीपट घेऊन मी उभा, आणि काय करावे सुचेना. चौथीतला एक मुलगा पाणी पिऊन पोट भरीत होता. मी ताट घेतले, पंगतीत जमिनीवर बसलो आणि बाईंना म्हणालो, ‘वाढा.’ तीन मुले उठून आली. चौथा म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही मुसलमान आहात, तुमचे काय जाते?’ मला उत्तर देता आले नाही. पोर खरे बोलले होते. त्याच्या घरी मी गेलो तर कपबशी वेगळी येई.

त्या रात्री मला आमच्याकडची लग्ने आठवली. दस्तरखानावर सर्व समान, हे मी बालपणापासून ऐकत आलो. परंतु देगा घासणारे आणि दारातले गरीब जेवतात ते शेवटी, उरले त्यात, आणि तेही बाहेर. त्या पोराला मी कोणत्या तोंडाने शिकविणार होतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा पंगतीत बसलो. वर्षअखेर अकरांपैकी दोघे उरले, ते डबा आणीत; त्यांच्या आज्या ऐकत नव्हत्या. पाणी पिणारा मुलगा जेवू लागला होता आणि दोनदा पोळी मागून घेई.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. थोड्याच वेळात महोत्सवाची पंगत बसेल. मांडव घालणारे, भांडी घासणारे आणि झाडू मारणारे सकाळपासून राबत आहेत. त्यांची पाने पहिल्या पंगतीत, अध्यक्षांच्या आणि आपल्या मधोमध मांडावी. वाढायला मी उभा राहतो.