सरोवरातील शेवाळ आणि शिकणारे यंत्र



अमेरिकेतील ईरी सरोवराच्या काठी टोलेडो हे शहर आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी तेथील सुमारे चार लाख नागरिकांना नळाचे पाणी पिण्यास मनाई करण्यात आली. पाणी उकळूनही उपयोग नव्हता. कारण त्यात उतरलेले मायक्रोसिस्टिन हे नीलहरित शेवाळाचे विष उकळल्याने नाहीसे होत नाही. ४ ऑगस्टला मनाई उठली. परंतु अशा संकटाची चाहूल आधी कशी लागावी, हा प्रश्न उरला.

शेवाळ इतके माजते कशाने? याचे उत्तर १९७३ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, '२२६' क्रमांकाच्या एका लहान सरोवरात मिळाले. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात नत्र व कार्बन घातले. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही घातले. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला. ईरी सरोवराच्या पश्चिम भागात हेच स्फुरद मुख्यतः मॉमी नदी शेतांतून वाहून आणते.

कारण कळले, तरी शेवाळ केव्हा व किती वाढेल हे सांगणे सोपे नाही. पाऊस, वारा, पाण्याची उष्णता, नदीने आणलेले स्फुरद, यांचा मेळ दरवर्षी निराळा असतो. येथे यंत्रशिक्षणाचे साहाय्य होते. मागील अनेक वर्षांच्या या नोंदी आणि उपग्रहाने टिपलेला पाण्याचा रंग संगणकास पुरवितात. सोबत त्या त्या दिवशी नावेतून आणलेल्या पाण्यात प्रत्यक्ष किती शेवाळ आढळले, हे उत्तरही देतात. संगणक अंदाज बांधतो, उत्तराशी ताडून पाहतो, चूक कमी होईल असा बदल करतो, आणि हे हजारो वेळा करतो. शेवटी काही वर्षांच्या नोंदी, ज्या त्याला दाखविलेल्याच नसतात, त्यांवर त्याची परीक्षा घेतात. पाठांतर आणि समज यांतील भेद शिक्षकांस वेगळा सांगावयास नको!

परंतु स्फुरदाला रंग नसतो. ते आकाशातून दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी बाटली भरून पाणी तपासावेच लागते. नोंद चुकीची असेल तर यंत्र चूकच शिकते. शिवाय दोन गोष्टी एकत्र घडतात एवढेच ते दाखविते. एकीमुळे दुसरी घडते, हे सिद्ध करण्यास पडद्यासारखा प्रयोगच हवा.

गावतळ्यावरही हिरवी साय धरते. शिक्षकांनी मुलांकडून वर्षभर एक वही लिहून घ्यावी: तारीख, पाऊस, पाण्याचा रंग, काठावरील शेतांत खत घातल्याचे दिवस. मुलांनी हे काठावरूनच पाहावे. हिरव्या पाण्यात उतरू नये, गुरांनाही तेथे पाजू नये. जे दिसले तेच लिहावे, न दिसलेले लिहू नये. ही सवय लागली, तर विज्ञानाचा पहिला पाठ पक्का झाला असे समजावे.