दानाचा पैसा ठेवायचा कुठे?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. वक्ते निवृत्त बँक कर्मचारी असून ट्रस्टचे हिशेब पाहण्याच्या कामात मदत करतात.)



वर्धापनदिनी वक्त्याने धम्मावर बोलावे, चळवळीवर बोलावे अशी आपली पद्धत आहे. ते काम माझ्यापेक्षा अभ्यासू मंडळी करतील. मी सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे बसून काढली. त्यामुळे संयोजकांनी मला एकच विषय दिला : लोक दान देतात, तो पैसा कुठे ठेवायचा हे कसे ठरते, तेवढे सांगा.

आपले पावतीपुस्तक उघडून पाहा. कुणाचे ५१ रुपये आहेत, कुणाचे १०१. कुणी आईच्या पुण्यानुमोदनाला पाच हजार दिलेत. देणाऱ्यांत चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी आहे, रिक्षा चालवणारा भाऊ आहे. पोटाला चिमटा काढून दिलेला हा पैसा. त्यांनी पावती घेतली आणि विश्वासाने घरी गेले. पुढे त्या पैशाचे काय करायचे, हे पाच-सात विश्वस्त बसून ठरवतात. म्हणून जबाबदारी मोठी.

पहिली गोष्ट, हा सगळा पैसा एक नाही. वीजबिल, पाणी, पौर्णिमेचा खर्च, जयंती यांचा पैसा चालू खर्चाचा. तो बचत खात्यात असावा, हवा तेव्हा काढता यावा. दुसरा इमारत फंड. तो दोन वर्षांनी लागेल, चार वर्षांनी लागेल, पण लागेल तेव्हा एकदम लागेल. तिसरा कायम निधी. देणाऱ्याने लेखी सांगितलेले असते की मुद्दलाला हात लावू नका, व्याजातून दरवर्षी मुलांना वह्या द्या. या तीन पैशांचे खाते कागदावर वेगळे नसेल तर पुढची सगळी चर्चा फुकट आहे. पुष्कळ ठिकाणी भांडणे इथूनच सुरू होतात. इमारतीचे पैसे जयंतीच्या मंडपात जातात आणि मग कोषाध्यक्षावर बोटे दाखवतात. बिचाऱ्याने खाल्लेले काहीच नसते!

आता कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. आधी त्याच्या नावात मुंबई होते, आता महाराष्ट्र आहे. त्याचे कलम ३५ प्रत्येक विश्वस्ताने एकदा तरी वाचावे. जो पैसा लगेच खर्च करायचा नाही तो शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, सरकारने मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा, असे ते सांगते. ट्रस्टच्या घटनेत वेगळे लिहिले असले तरी हे बंधन सुटत नाही. स्थावर मालमत्तेच्या पहिल्या गहाणाची वाट आहे, पण तिला अटी आहेत. या पलीकडे जायचे तर धर्मादाय आयुक्तांचा आदेश लागतो. यादीत पतसंस्था नाही, भिशी नाही, आणि कुणा ओळखीच्या बिल्डरकडे तीन टक्क्यांनी ठेवायचे हेही नाही.

पतसंस्थेचे नाव घेतले की काही जण नाराज होतात, मला माहीत आहे. पतसंस्थेने आपल्या लोकांना अडीनडीला कर्ज दिले, बँक दारात उभी करत नव्हती तेव्हा दिले. ते कोण नाकारतो? पण माणसाने स्वतःचा पैसा कुठे ठेवावा हा एक प्रश्न, आणि दुसऱ्याने दिलेला दानाचा पैसा कुठे ठेवावा हा दुसरा. समजा आपल्याजवळ सहा लाख आहेत आणि पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते. वर्षाला बारा हजार जास्त आले. या बारा हजारांसाठी आपण सहा लाख पणाला लावतो. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. उद्या तिचे शटर खाली आले तर त्या धुणीभांडीवाल्या ताईला काय सांगणार? की व्याज जास्त मिळत होते?

बँकेतल्या ठेवीला विमा आहे. पूर्वी, म्हणजे १९९३ पासून, तो एक लाखापर्यंत होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन ठेवी ठेवल्या तरी त्या एकत्रच मोजतात. पुष्कळांना वाटते शाखा वेगळी म्हणजे विमा वेगळा. तसे नाही. बँकच वेगळी पाहिजे.

आणि कायद्याच्या यादीत बसणारी बँक कधी अडचणीत येणार नाही, असेही समजू नका. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक शेड्यूल्ड बँक होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा राहिली. मुंबईत लोक बँकेच्या दारात रडत होते, ते आपण टीव्हीवर पाहिले. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्यांची सोय विम्यातून झाली. त्यावर ज्यांची रक्कम होती त्या सामान्य ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून दिले. संस्थात्मक ठेवीदारांचे काय झाले ऐका. त्यांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के रकमेचे प्राधान्य शेअर करून दिले, वर्षाला एक टक्का लाभांशाचे. म्हणजे स्लॅब टाकायला पैसे हवेत आणि हातात शेअरचा कागद. म्हणून माझे मत असे की पाच लाखांवर फंड गेला की तो दोन-तीन बँकांत वाटावा, त्यात एक तरी राष्ट्रीयीकृत असावी, आणि सगळ्या ठेवींची मुदत एकाच दिवशी संपू नये. थोडे व्याज कमी पडले तर पडू द्या.

तरुण मुले विचारतात, काका, म्युच्युअल फंडात का नाही? प्रश्न चांगला आहे. घरच्या पैशाला ठीक असेल. पण ज्या वर्षी छप्पर घालायचे त्याच वर्षी बाजार पडला तर आपण कंत्राटदाराला थांब म्हणणार का? तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थ तरुणाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगात, चौथा संकटकाळासाठी राखून. काही जण याचा दाखला देऊन ट्रस्टनेही धंद्यात पैसा घालावा म्हणतात. तो उपदेश घर चालवणाऱ्याला होता, स्वतः कमावलेल्या धनाबद्दल होता. दानपेटीतल्या पैशाला तो लावू नये.

यापेक्षा अवघड मोह दुसरा आहे. आपलाच माणूस रात्री दारात येतो. मुलीचे लग्न आहे, बाप दवाखान्यात आहे, ट्रस्टचे पन्नास हजार द्या, दोन महिन्यांत फेडतो. नाही म्हणताना जीव तुटतो. तरी नाही म्हणावे. स्वतःच्या खिशातून द्यावे, सर्वांनी मिळून वर्गणी काढावी, पण ट्रस्टचे खाते उघडू नये. एकाला दिले की दुसऱ्याला नाकारता येत नाही, आणि फेड थांबली की माणूस वंदनेला यायचा बंद होतो. पैसाही गेला, उपासकही गेला.

तशीच जागेची गोष्ट. स्वस्त प्लॉट मिळतो, घाई आहे, तात्पुरता अध्यक्षांच्या नावावर घेऊ, असे कुणी सुचवले तर सभेतून उठू नका, विरोध नोंदवा. अध्यक्ष कितीही चांगले असोत, वारस कसे निघतील कोण सांगणार? मुदत ठेवीची पावतीसुद्धा ट्रस्टच्याच नावाची हवी आणि खात्यावर दोघांच्या सह्या हव्यात. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज लगेच द्यावा. वाद झाला तर बँक जुन्या-नव्या दोघांनाही पैसे काढू देत नाही, हे मी काउंटरवरून पाहिलेले आहे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने खरा वाद. महिला मंडळाच्या भगिनी म्हणतात, पैसा बँकेत झोपवून काय करता, पोरांची परीक्षा फी भरा. मला त्यांचे पटते, निम्मे तरी. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या ट्रस्टने उत्पन्नाचे ८५ टक्के ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च करावेत, अशी कायद्याचीही अपेक्षा आहे. एखाद्या कामासाठी साठवायचे असेल तर कारण लिहून द्यावे लागते आणि पाच वर्षांची मर्यादा असते. कायम निधीची गोष्ट वेगळी, त्याचे मुद्दल देणाऱ्याच्या शब्दाने बांधलेले आहे. पण त्याचे व्याज? ते दरवर्षी पुन्हा ठेवीत टाकून आकडा फुगवत बसण्यात कसली फुशारकी? वरच्या खोलीत अभ्यासिका सुरू आहे. तिथे दोन पंखे आहेत, त्यातला एक फिरत नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तके जुनी झालीत. व्याज तिथे जावे, असे मी विश्वस्तांना लेखी कळवले आहे. इमारत फंडाला मात्र हात लावू नये. त्या पावतीवर ‘इमारतीसाठी’ असे लिहून आपण पैसे घेतलेले आहेत.

इमारत फंडाची मोठी ठेव लवकरच संपते आहे. ती पुढे कुठे ठेवायची ते सर्वसाधारण सभेत ठरेल. त्या दिवशी कोषाध्यक्षांना प्रत्येक बँकेचे नाव, रक्कम, व्याजदर आणि मुदत मोठ्याने वाचायला सांगा. ज्या विश्वस्ताचा एखाद्या बँकेशी वा संस्थेशी संबंध असेल त्याने तो आधी सांगावा आणि त्या ठरावापुरते बाहेर बसावे. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, ठेवीच्या पावत्यांच्या झेरॉक्स सूचना फलकावर लावा. सभेला गेल्या वेळी फारच कमी माणसे होती. या वेळी घरटी एकाने तरी यावे, आणि भगिनींनी मागे न बसता पुढे बसावे.

जयभीम.