बेत बेटांचा : अंदमानची सहल आपली आपण

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



कार्यक्रम पत्रिकेत माझ्या भाषणाच्या पुढे महाप्रसाद आहे, त्यामुळे मला वेळेचे पुरेपूर भान आहे! विषय साधा आहे. कोणत्याही सहल कंपनीच्या मागे न लागता, खिशाला झेपेल अशा खर्चात, आपल्या घरच्या माणसांना घेऊन अंदमानची दोन-तीन बेटे कशी पाहावीत, एवढेच सांगायचे आहे.

अंदमानच का? बेटे लक्षद्वीपलाही आहेत. पण तिथे जाण्यासाठी आपल्यालाही प्रवेश परवाना काढावा लागतो आणि कोचीहून सुटणाऱ्या मोजक्या जहाजांवर किंवा विमानांवर अवलंबून राहावे लागते. अंदमानातील नेहमीच्या बेटांना भारतीय नागरिकाला असा परवाना लागत नाही. फोटो असलेले ओळखपत्र पुरते. निकोबारचा भाग मात्र वेगळा, तो आदिवासींसाठी राखीव आहे आणि तिथे पर्यटकांना जाता येत नाही.

दुसरे कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या घरांतून एक पिढी अशी आहे की जिने शाळेत असताना 'माझी जन्मठेप' वाचले आणि 'एकदा ती कोठडी पाहायची' असे मनात धरले. नोकरी, मुलांची शिक्षणे, द्वारका किंवा नोएडातला फ्लॅट या सगळ्यांत ते राहून गेले. आता वय पंचाहत्तर आणि गुडघे कुरकुरतात. त्यांना न्यायचे तर आणखी पाच वर्षांनी नाही, येत्या हिवाळ्यातच न्यायला हवे. आजच्या बोलण्याचा खरा हेतू हाच आहे.

आता मुद्द्याचे.

पहिली गोष्ट नावांची. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम झाले. तिकिटावर नवे नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुने, असे होते, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. मी सोयीसाठी जुनीच वापरतो. सगळी मिळून ८३६ लहानमोठी बेटे आणि खडक आहेत, पण वस्ती जेमतेम एकतीस बेटांवर. म्हणून 'बेटे किती पाहिली' या हिशोबात पडू नका. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील, आणि जाता-येता रॉस, एवढे आठ दिवसांना भरपूर आहे.

दुसरी गोष्ट हंगामाची. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत तिथे नैऋत्येचा पाऊस. तो सरतो तोवर ईशान्येचा सुरू होतो. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा आरंभ हा वादळांचाही काळ. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल. आपण दिल्लीकर नाताळच्या सुट्टीत धुक्याला कंटाळून निघतो आणि नेमके तेव्हाच विमानाचे आणि खोल्यांचे दर सर्वांत चढे असतात. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी संक्रांत होऊ द्यावी, प्रजासत्ताक दिनाची जोडून आलेली सुट्टी टाळावी आणि फेब्रुवारीत निघावे. हवा तीच, समुद्र अधिक शांत आणि खर्च कमी.

बेत आखताना पंचांगही जवळ ठेवा. हसू नका! कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. उलट पोहायला आणि प्रवाळ पाहायला पाणी हवे. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचाराव्यात आणि त्याप्रमाणे दिवस लावावा. सूर्यही तिथे लवकर उगवतो आणि लवकर मावळतो, कारण घड्याळ आपलेच, पण बेटे फार पूर्वेला. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. सकाळी नऊला चहा घेत बसलात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा.

तिसरी गोष्ट पैशाची. दिल्लीहून निघणाऱ्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा विमानाचा असतो. म्हणून काटकसर तिथून सुरू करावी, जेवणाच्या थाळीपासून नव्हे. बहुतेक प्रवास कोलकाता किंवा चेन्नईमार्गे होतो. पूर्ण प्रवासाचे एक तिकीट आणि दोन टप्प्यांची दोन तिकिटे, दोन्हींचे भाव पाहावेत. मात्र दोन वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोचले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यात हा धोका पत्करू नये. कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणमहून जहाजेही आहेत. तीन-चार दिवस लागतात. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पोटात पाणी हलत नाही, त्यांनी तो अनुभव जरूर घ्यावा.

इथे बसलेल्या केंद्र सरकारी सहकाऱ्यांसाठी खास सांगतो. मूळ गावाच्या एका एलटीसीच्या बदल्यात अंदमान-निकोबारला जाण्याची सवलत गेली अनेक वर्षे वेळोवेळी वाढवली गेली आहे. सप्टेंबर २०२४ च्या आदेशाने ती २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. तुमच्या प्रवासाच्या तारखेला लागू असलेले कार्यालयीन ज्ञापन आपल्या प्रशासन शाखेतून मागून घ्या. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही या योजनेत विमान मिळते. तिकीट मात्र बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावे लागते. दुसरीकडून स्वस्त मिळाले म्हणून काढले तर बिल अडते. एक मेख लक्षात ठेवा. ज्यांनी मूळ गाव म्हणून दिल्लीच नोंदवले आहे आणि नोकरीही दिल्लीतच आहे, त्यांना हा बदला मिळत नाही. त्यांनी चार वर्षांतून एकदा मिळणारी 'भारतात कुठेही' ही एलटीसी वापरावी. प्रवासासाठी नव्वद टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कमही मिळते. खोली, जेवण आणि तिथले फिरणे हे मात्र आपल्या खिशातून.

चौथी गोष्ट बोटींची, आणि सगळा बेत हिच्यावर उभा आहे. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. सरकारी बोट पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते. हॅवलॉकला जायला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि भाडे काही शेकड्यांत असते. खासगी वेगवान बोट दीड तासात पोचवते, भाडे कितीतरी पट. सरकारी बोटीची तिकिटे फार आधी मिळत नाहीत आणि लवकर संपतात. ती बोट मुळात बेटांवर राहणाऱ्यांसाठी आहे. दवाखाना, कॉलेज, बाजार सारे त्यांना तीवरच गाठायचे असते. आपण पाहुणे आहोत, हे रांगेत उभे असताना विसरू नये. माझा सल्ला असा : हॅवलॉकला जाताना खासगी बोट आधीच नक्की करावी, म्हणजे पुढच्या खोल्या वाया जात नाहीत. परतताना, हाताशी मोकळा दिवस असेल तर, सरकारी बोटीचा प्रयत्न करावा. वरच्या मोकळ्या डेकवर उभे राहून समुद्र पाहण्याची मजा बंद काचेच्या वेगवान बोटीत नाही. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि आलेपाक जवळ ठेवावा.

बोटींचा क्रमही महत्त्वाचा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करावा. दर वेळी पोर्ट ब्लेअरला परत आलात तर एक भाडे आणि एक दिवस फुकट जातो.

आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी, जमल्यास शेवटच्या दोन. डिसेंबर २०१६ मध्ये हवामान बिघडून बोटी थांबल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले. अखेर नौदलाने आणि तटरक्षक दलाने त्यांना सोडवले. आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हाही नीलहून निघणारी दुपारची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली. पण विमान त्यानंतर दोन दिवसांनी होते, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही निवांत शहाळी पीत बसलो. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचे विमान दुसऱ्या सकाळी होते. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तो एक मोकळा दिवस म्हणजे उधळपट्टी नव्हे, विम्याचा हप्ता आहे.

आता आठ दिवसांचा आराखडा सांगतो. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरून विश्रांती आणि संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनि-प्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. तिथे तीन रात्री. राधानगर किनारा २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. तिथे एक संध्याकाळ पुरत नाही. धक्क्यापासून तिकडे बसही जाते. समुद्राला लागून असलेल्या महागड्या खोल्यांऐवजी गोविंदनगरच्या बाजाराजवळ राहिलात तर खोली स्वस्त आणि जेवण चालत जाण्याच्या अंतरावर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची ही वस्ती. मासे-भात उत्तम, आणि शाकाहारी थाळीही मिळते. पाचव्या दिवशी नील, एक रात्र. भाड्याची सायकल घेतली तर हे बेट सहज पाहून होते. भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी किनाऱ्यांची नावे ऐकून घरी आल्यासारखेच वाटते. सहाव्या दिवशी परत. सातवा दिवस जेल आणि रॉससाठी. आठव्या दिवशी विमान. ज्यांना पाणबुड्याचा पोशाख घालून तळ पाहायचा आहे त्यांनी तो हॅवलॉकलाच पाहावा, कारण त्यानंतर निदान अठरा तास विमानात बसू नये. बेटांवर एटीएम थोडी आहेत, तेव्हा रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच न्यावी.

जेलबद्दल दोन शब्द. १८५७ च्या उठावातले दोनशे कैदी १० मार्च १८५८ रोजी अंदमानात उतरवले गेले. आपण ज्या दिल्लीत राहतो तिचा आणि त्या बेटांचा संबंध असा जुना आहे. जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६. सात भुजांपैकी आज तीन उरल्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचले आणि १९२१ पर्यंत होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथेच होते, पण कोठड्यांची रचनाच अशी की एकाला दुसऱ्याचे तोंड दिसू नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. म्हणून वडीलधाऱ्यांना सकाळी उघडताच न्या. गर्दी नसते, ऊन नसते, जिन्यावर थांबत थांबत चढता येते. स्वतः आखलेल्या सहलीचा खरा फायदा इथे कळतो. माझी आई त्या कोठडीच्या दारात वीस मिनिटे उभी होती आणि 'चला, बस सुटेल' असे म्हणणारे कोणी नव्हते.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगतो. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट बुडाली आणि २१ जण दगावले. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. लहान बोटीत बसताना माणसे मोजा, प्राणरक्षक जाकीट मागून घ्या आणि मिळाले नाही तर उतरा. गेलेले पैसे परत कमावता येतात. काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनेच्या पाट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत.

आणि एक विनंती. बाराटांगला जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. ही मंडळी मोजकी काहीशे आहेत आणि गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्यापासून दूरच होती. आपला साधा गोवरसुद्धा त्यांना भारी पडतो. गाडीच्या काचेतून माणसे पाहायला जाणे मला पटत नाही. आम्ही बाराटांग वगळले, तुम्हीही विचार करा. गेलातच तर फोटो काढणे, खाऊ देणे हा कायद्याने गुन्हा आहे. प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणे हाही गुन्हाच. आठवण म्हणून रॉसवरचे वडाच्या मुळांनी कवळलेले पडके चर्च डोळ्यांत भरून आणा, तेवढे पुरे.

जाता जाता एक गोष्ट. २३ जानेवारी २०२३ रोजी तिथल्या एकवीस अनाम बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. त्यांत कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या नावाचेही बेट आहे. तिथे उतरता येणार नाही कदाचित, पण नकाशात मुलांना दाखवा.

तेव्हा मित्रहो, विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी घरच्यांना घेऊन बसा. कॅलेंडर, रजेचा हिशोब आणि आई-वडिलांची औषधांची यादी पुढ्यात घ्या. आधी विमान, मग बोट, मग खोली, या क्रमाने ठरवा. कोणाला वेळापत्रक लावताना अडचण आली तर महाप्रसादानंतर मी मंडपातच आहे.

गणपती बाप्पा मोरया!