विज्ञानमालिकेतील कलाटणी आणि तिचा प्रेक्षक



राजाजीनगरातील मराठी घरांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर मुलांच्या खोलीतून मधूनच दोन प्रकारचे उद्गार कानी येतात. एक, "अरे बापरे!" आणि दुसरा, "छे, हे काही पटत नाही!" थोरांना वाटते, क्रिकेटचा सामना रंगात आला असावा. वस्तुतः एखाद्या विज्ञानमालिकेचा भाग संपलेला असतो आणि कथानकाने कलाटणी घेतलेली असते. या दोन उद्गारांमध्ये जे अंतर आहे, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल 'डार्क' ही जर्मन मालिका घ्यावी. ती शाळकरी वयाच्या मुलांसाठी नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. परंतु वरच्या वयाच्या तरुणांनी ती आवडीने पाहिली. २०१७ ते २०२० या काळात तीन पर्वांत तिचे २६ भाग प्रसृत झाले. विंडेन या काल्पनिक गावातून २०१९ साली मिकेल नावाचा अकरा वर्षांचा मुलगा नाहीसा होतो आणि गुहेतील वाटेने १९८६ सालात जाऊन पोहोचतो. दुसरीकडे योनास हा तरुण नुकत्याच निवर्तलेल्या पित्याच्या दुःखात आहे. पहिल्या पर्वाच्या मध्यावर उलगडा होतो तो असा की, १९८६ मध्ये अडकलेला मिकेल तेथेच लहानाचा मोठा झाला आणि तोच योनासचा पिता होय!

प्रेक्षक क्षणभर स्तब्ध होतो. मग त्याला स्वतःचाच राग येतो, कारण पित्याने मागे ठेवलेले पत्र पहिल्याच भागात त्याने पाहिलेले असते. ४ नोव्हेंबरच्या रात्री १० वाजून १३ मिनिटांपूर्वी ते उघडू नये, असे पाकिटावर लिहिलेले होते. आपल्याच बालपणी काय घडले हे जाणणाऱ्या माणसाशिवाय इतकी नेमकी वेळ कोण लिहील? प्रेक्षक पहिला भाग पुन्हा लावतो, आणि तोच भाग आता निराळा दिसू लागतो. प्रामाणिक कलाटणीची खूण हीच. ती पुढची गोष्ट सांगते आणि त्याबरोबर मागचीही बदलते.

मालिकेतील तेहतीस वर्षांचे आवर्तनही निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे तेहतीस सौरवर्षे आणि चौतीस चांद्रवर्षे जवळजवळ एकाच वेळी पुरी होतात. अधिकमासाची सोय करून आपल्या पंचांगकर्त्यांनी जो फरक दर दोनतीन वर्षांनी भरून काढला, तोच येथे कथेचा आधार झाला आहे.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस मात्र मतभेद झाले. मार्था या नायिकेचा मृत्यू होतो आणि लगोलग दुसरी मार्था दारात उभी राहते. ती निराळ्या काळातून आलेली नसून निराळ्या विश्वातून आलेली आहे. तोवर काळाच्या गाठी सोडवण्यात गढलेल्या पुष्कळ प्रेक्षकांना डाव रंगात असताना नियमच बदलल्यासारखे वाटले. ही तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. लेखकाने येथे प्रेक्षकाकडून विश्वास उसना घेतला होता. त्याची फेड तिसऱ्या पर्वात, म्हणजे एका वर्षानंतर, झाली. ती पुरती झाली की नाही, यावर घराघरांत अजून दोन पक्ष आहेत.

समांतर विश्वाचा हा धक्का मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत मुंबईस येतात, तो तेथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे! ग्रंथालयात बखर चाळताना त्यांना आढळते की, १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी या विश्वात कानाला चाटून गेली आणि मराठे जिंकले. गंगाधरपंत आपल्या विश्वात परततात, तेव्हा त्या बखरीचे फाटलेले पान त्यांच्या खिशात निघते. ते पान नसते, तर सारे स्वप्न म्हणून सोडून देता आले असते. एका गोळीने युद्धाचे पारडे फिरावे आणि अनेक शक्यतांपैकी एकच आपल्या वाट्यास यावी, याचे विवेचन लेखकाने कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत आणि पुंजसिद्धांत यांच्या आधारे केले आहे. पानिपत म्हटले की आजही ज्याच्या मनात कळ उठते, त्या वाचकाला मिळालेला तो क्षणभराचा विजय कोणत्याही परदेशी मालिकेने देता येणार नाही. खंत एवढीच की, बेंगळूरुतील पुष्कळ मराठी मुलांना गंगाधरपंत भेटतात ते अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात.

याच लेखकाने एकदा परीक्षकांनाही कलाटणी दिली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. राजाजीनगरापासून जवळच असलेल्या पीण्याच्या शेडमध्ये 'आर्यभट' उपग्रह आकार घेत होता, तो हाच काळ. १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात गेला. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी हे टोपणनाव घेतले, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहवून घेतली. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी तिची दखल घेतली.

उलगडा झाल्यावर परीक्षकांना पहिले पान पुन्हा पाहावेसे वाटले असेल, तर त्यांना नवल वाटले नसते. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे ज, वि, ना. ती उलटी वाचली की ना, वि, ज. उत्तर पहिल्याच पानावर लिहिलेले होते.