चला, पोरांसंगं पळू या



तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातला तासभर तरी दम लागेल असा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. शिवाशिवी, लंगडी, विषामृत खेळलं की हे सहज होतं.

ऊन उतरलं की आम्ही गटातल्या बाया मुलांना घेऊन निघतो. डांबरी रस्ता टाळतो. काटे-काचा नसलेली मऊ जागा बघतो. त्या लिंबापर्यंत पळायचं, मग चालायचं, पुन्हा पळायचं. सगळ्यात हळू मूल पुढं ठेवतो, बाकीचे त्याच्या मागं. थकलं की थांबतो, पाणी देतो. ‘पहिला कोण?’ विचारत नाही. रोज हरणारं मूल चौथ्या दिवशी येतच नाही.

मुलगी दहा वर्षांची झाली की घरात ‘आता पळू नको’ सुरू होतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. आपल्या पोरी तिथवर जावोत न जावोत, पळण्यातली गंमत त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

आज संध्याकाळी पदर खोचा आणि निघा.